गुलामवाहू जहाजांवरची बंडं: बेड्या, भिंत, जाळी आणि परतीची वाट

दर्यावर्दी:

अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकी गुलामांबद्दल बोलणं निघालं की एकच चित्र पुढे येतं: लिव्हरपूलच्या ब्रूक्स जहाजाचा आराखडा, आणि त्यात शेंगेतल्या दाण्यांसारखी खेटून आडवी केलेली माणसं. १७८८ साली प्लिमथच्या गुलामगिरीविरोधी समितीने ते छापलं, पुढच्या वर्षी लंडनच्या समितीने त्यात भर घालून पुन्हा छापलं. पुरुषाला ६ फूट बाय १ फूट ४ इंच जागा, बाईला ५ फूट १० इंच बाय १ फूट ४ इंच. दोन डेकांमधली उंची ५ फूट ८ इंच, आणि तिच्याही अर्ध्यावर कडेकडेने ६ फूट रुंदीचा फळ्यांचा माळा. म्हणजे माळ्यावरच्यालाही आणि माळ्याखालच्यालाही ताठ बसता यायचं नाही. १७८८ च्या कायद्याने ब्रूक्सला ४५४ माणसं न्यायची परवानगी होती. त्याआधीच्या एका खेपेत तिने ६०९ नेली होती.

त्या चित्राने ब्रिटनमध्ये लोकमत फिरवलं, हे त्याचं मोठं काम. पण त्यातली माणसं निपचित पडलेली आहेत, आणि तीच प्रतिमा आपल्या मनात घट्ट बसली आहे. जे कप्तान ही जहाजं चालवत ते मात्र या माणसांना रात्रंदिवस घाबरून असत. त्याचा पुरावा जहाजाच्या लाकूडकामातच सापडतो, म्हणून तिथून सुरुवात करतो.

आफ्रिकेचा किनारा जवळ आला की जहाजावरचा सुतार कामाला लागे. मधल्या डोलकाठीजवळ, जहाजाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, तो फळ्यांची आडवी भिंत उभारी. तिला बॅरिकाडो म्हणत. उंची ८ ते १० फूट. दोन्ही बाजूंना ती जहाजाच्या कठड्याबाहेर पाण्यावर सुमारे २ फूट काढलेली असे, कारण नाहीतर चपळ माणूस कठडा धरून वळसा घालून पलीकडे जाईल. भिंतीत एक लहान दार, दारावर पहारेकरी. फळ्यांना भोकं पाडून त्यात आखूड नळीच्या रुंद तोंडाच्या बंदुका बसवलेल्या, कधी एखादी तोफही. या सगळ्यांची तोंडं जहाजाच्या पुढच्या अर्ध्याकडे, म्हणजे जिथे पुरुष कैदी दिवसा वर आणले जात तिकडे. भिंतीच्या मागे बायका, मुलं, कप्तानाची खोली आणि हत्यारांची पेटी. बंड झालं की सगळे खलाशी भिंतीमागे पळायचे आणि तिथून गोळ्या झाडायच्या, असा बेत आधीच ठरलेला.

कठड्यांभोवती दोरखंडाची उंच जाळी, कोणी समुद्रात उडी टाकू नये म्हणून. आणि त्याच आकाराच्या साध्या व्यापारी जहाजावर लागतील त्याच्या जवळजवळ दुप्पट खलाशी. शिडं ओढायला इतकी माणसं लागत नाहीत, ती पहाऱ्यासाठी होती. त्यांचा पगार, शिधा, बंदुका, दारूगोळा, लोखंड, सगळं खर्चाच्या वहीत चढे.

आता आकडे. साडेतीन शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवली गेली, १ कोटी ७ लाखांच्या आसपास जिवंत उतरली. मधली सुमारे १८ लाख वाटेत गेली. इतिहासकारांनी ३६ हजारांहून जास्त खेपांची नोंद एकत्र केली आहे, आणि त्यावरून अंदाज असा की दर दहा खेपांमागे एकीवर बंड किंवा बंडाचा प्रयत्न झाला. या भीतीपायी वाढलेल्या खर्चामुळे हा व्यापार जितका होऊ शकला असता तितका झाला नाही. त्याच अभ्यासकांच्या हिशेबाने सुमारे १० लाख माणसं जहाजात चढवली जाण्यापासून वाचली. जहाजावर लढून मेलेल्या माणसांना हे कधी कळलं नाही. पण किनाऱ्यापासून आत कुठल्यातरी गावात कोणीतरी वाचलं ते त्यांच्यामुळे.

बेड्या, बायकांची भूमिका, बंड फसण्याची कारणं यांवर माहीतगारांनी भर घालावी.


रानवारा:

चांगला धागा. बेड्यांबद्दल मी लिहितो.

पुरुषांना दोघादोघांच्या जोडीने जखडत. एकाचा उजवा घोटा दुसऱ्याच्या डाव्या घोट्याला, मनगटंही तशीच. लोखंडाची दांडी, तिच्यावर सरकणारी दोन कडी, एका टोकाला गाठ आणि दुसऱ्या टोकाला खीळ किंवा कुलूप. सकाळी ८ च्या सुमाराला वर आणताना प्रत्येक जोडीची बेडी तपासत, मग डेकमध्ये रुतवलेल्या कडीला अडकवलेली एक लांब साखळी सगळ्यांच्या बेड्यांतून ओवत नेत आणि दुसऱ्या टोकाच्या कडीला कुलूप लावत. एका साखळीत ५० ते ६० माणसं. संध्याकाळी उलट क्रमाने पुन्हा खाली.

या जोडीचा त्रास रात्री. खाली तीनचार निमुळत्या बादल्या शौचासाठी ठेवलेल्या असत, तळाशी २ फूट रुंद, तोंडाशी १ फूट, उंची २८ इंच. तिथवर जायचं तर जोडीदाराला उठवून, दहाबारा जणांच्या अंगावरून, तेही जहाज हेलकावत असताना. म्हणून आजारी माणूस जागचा हलतच नसे, आणि रक्ती आव एकाकडून दुसऱ्याकडे जाई. वाटेतल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण ही आवच होती.

बेड्या तुटत कशा? सुताराची पटाशी, हातोडा, खिळा, कानस, तोफेचा गोळा, काहीही चालत असे. अडचण ती वस्तू खाली पोचवण्याची. मुलं दिवसभर मोकळी हिंडत, म्हणून हे काम बहुतेक मुलांकडे. १७७३ साली गँबिया नदीत न्यू ब्रिटानिया जहाजावर मुलांनीच सुताराची हत्यारं खाली पोचवली. त्या हत्यारांनी पुरुषांनी खालच्या फळ्या उचकटल्या, बंदुका आणि बंदुकीची दारू हाती घेतली, तासाभराहून जास्त लढले. हरतोय हे दिसल्यावर दारूच्या कोठाराला आग लावली आणि जहाज स्वतःसकट उडवलं.

दुसरं उदाहरण जॉन न्यूटनच्या रोजनिशीतलं. हा माणूस पुढे पाद्री झाला, गुलामव्यापाराविरुद्ध साक्ष दिली, पण १७५० ते १७५४ या काळात तो स्वतः गुलामवाहू जहाजाचा कप्तान होता. २६ मे १७५१ ची नोंद: एका तरुणाला मोठी जखम होती म्हणून बेडी घातली नव्हती, पुढे तो शांत वागतो म्हणून मोकळाच ठेवला. त्याने डेकवरच्या जाळीदार झाकणातून एक मार्लिनस्पाइक खाली सोडला. दोरखंडाचे पीळ उकलायला खलाशी जो टोकदार लोखंडी दांडा वापरतात तो हा. एका खलाशाने ते पाहिलं. पण झडती घेईपर्यंत तासभर गेला होता, आणि तेवढ्यात जवळजवळ २० जणांनी बेड्या तोडल्या होत्या. न्यूटनने मुद्दाम लिहून ठेवलंय की या दांड्याचा आवाज होत नाही. हातोड्याचा होतो, तरफेचा होत नाही. म्हणजे त्या तरुणाने कितीतरी दिवस डेकवर बसून कुठली वस्तू काय कामाची हे पारखलं असणार.


नीलिमा:

बायकांबद्दल लिहिते, कारण हा भाग नेहमी दोन ओळींत उरकला जातो.

बहुतेक जहाजांवर बायकांना समुद्रात गेल्यावर बेड्या घालत नसत, आणि त्यांना भिंतीच्या मागे, अधिकाऱ्यांच्या बाजूला ठेवत. यात दया नव्हती. त्या खलाशांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हाताशी राहाव्यात ही सोय होती, आणि तिथे त्यांच्यावर काय होई हे त्या काळच्या साक्षींत स्पष्ट आहे. पण त्याच जागेमुळे त्यांना कळायचं की पहारा कधी बदलतो, किल्ल्या कोणाकडे आहेत, किती खलाशी तापाने पडलेत, हत्यारांच्या पेटीला कुलूप आहे की नाही. खेपांच्या नोंदी मोजल्या तर ज्या जहाजांवर बायकांचं प्रमाण जास्त, तिथे बंडाची शक्यताही जास्त दिसते.

१७२१, ब्रिस्टलचं रॉबर्ट जहाज, सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर. तोंबा नावाचा एक प्रमुख त्यात कैद होता. गुलामांच्या व्यापाऱ्यांना त्याच्या मुलखात त्याने आधीच विरोध केला होता. त्याने तीनचार जणांना आणि एका बाईला बरोबर घेतलं. ती मोकळी फिरायची, म्हणून तिच्याकडे काम आलं: रात्री डेकवर किती खलाशी असतात ते पाहून झाकणातून सांगायचं. एका रात्री तिने सांगितलं की पाचच आहेत आणि झोपलेत, आणि मिळेल ते हत्यार म्हणून एक हातोडा दिला. तोंबाने बाकीच्यांना हाक दिली, ऐन वेळी एकजणच निघाला. तिघांनी मिळून झोपलेल्या खलाशांपैकी काहींना मारलं, पण झटापटीने बाकीचे जागे झाले.

कप्तान हार्डिंगने शिक्षा बाजारभाव बघून दिली. तोंबा आणि दुसरा एक धट्टाकट्टा, त्यांना चांगली किंमत येणार होती, म्हणून फक्त फटके. अंगाने किरकोळ अशा तिघांना हाल करून मारलं, आणि त्यांना मरण्याआधी मारल्या गेलेल्याचं काळीज आणि यकृत खायला लावलं. त्या बाईला अंगठ्यांना दोर बांधून वर टांगलं आणि इतरांच्या देखत फटके मारून, सुऱ्यांनी चिरून ठार केलं. तोंबाचं नाव कागदावर आहे. तिचं नाव कोणी लिहिलं नाही.

१७९७, लिव्हरपूलचं थॉमस, बार्बाडोसच्या जवळ पोचलेलं. हत्यारांची पेटी उघडी राहिली होती. दोनतीन बायकांच्या लक्षात आलं. त्यांनी बंदुका मधल्या फळ्यांतून पुरुषांना पोचवल्या. जहाज हातात आलं, आणि महिन्याहून जास्त काळ हातात राहिलं.

आणि एक उलटी गोष्टही सांगायला हवी. ओटोबा कुगोआनो, जो स्वतः लहानपणी पळवला गेला होता, १७८७ मध्ये लिहितो की त्याच्या जहाजावर बायका आणि मुलांनी जहाज पेटवायचं ठरवलं होतं, कारण पुरुष खाली साखळ्यांत होते. एका बाईनेच ते फोडलं. तिचे जहाजावरच्या एका अधिकाऱ्याशी संबंध होते, आणि त्या संबंधात तिची मर्जी किती होती हे विचारायला तिथे कोणी नव्हतं.


अक्षांश:

थॉमस महिनाभर हातात राहूनही शेवटी ब्रिटिश आरमाराच्या थेम्स या लढाऊ जहाजाने पुन्हा पकडलं. जहाज ताब्यात घेणं आणि ते घरी नेणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुतेक बंडं दुसऱ्या कामात बुडाली.

आधी वेळेचा मुद्दा. बंडं बहुतेक किनाऱ्याजवळ होत, जहाज नांगरावर असताना किंवा निघून पहिल्या काही दिवसांत. कारणं सरळ आहेत. जमीन दिसत असते. जहाज भरायला महिनेच्या महिने लागत, तोवर खलाशी हिवतापाने आणि आवेने पडलेले असत (या जहाजांवर पाचातला एक खलाशी खेप संपायच्या आत मरे). काहीजण होड्या घेऊन नदीत व्यापाराला गेलेले असत. कप्तानांना हे ठाऊक होतं, म्हणून किनारा दिसेनासा होईपर्यंत बेड्या काढायच्या नाहीत असा नियम पाळत.

१७२९, क्लेअर जहाज, गोल्ड कोस्टपासून (आजचा घानाचा किनारा) १० लीगही, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरही, गेलं नव्हतं. कैद्यांनी बंदुका आणि बंदुकीची दारू मिळवली. कप्तान आणि खलाशी मोठ्या होडीतून केप कोस्टच्या किल्ल्याकडे पळाले. कैद्यांनी जहाज किल्ल्यापासून काही अंतरावर वाळूत घातलं आणि उतरून निघून गेले. वाऱ्याची दिशा, शिडांची उलगड, काही लागलं नाही. किनारा समोर होता.

१७३०, ऱ्होड आयलंडचं लिटल जॉर्ज. ९६ कैदी, त्यात पुरुष ३५. १ जूनला निघालं, ६ जूनच्या पहाटे साडेचारला पुरुष बेड्यांतून सुटून वर आले आणि पहाऱ्यावरच्या तिघांना मारलं. कप्तान स्कॉट आणि उरलेले खालच्या खोलीत अडकले. स्कॉटने बाटलीत बंदुकीची दारू भरून बाँब केला, तो फेकायच्या आत वरच्याने कुऱ्हाडीने बाटली फोडली आणि स्फोट खोलीतच झाला. मग कोंडी. वरच्यांना खाली उतरता येईना, खालच्यांना वर. वरच्यांनी जहाज पूर्वेकडे वळवलं आणि काही दिवसांत सिएरा लिओन नदीच्या मुखाशी आणलं. बायकामुलांना आधी किनाऱ्यावर पोचवलं, मग सगळे उतरून गेले. शिडांचं लहान जहाज, पाच दिवसांचंच अंतर आणि सूर्य उगवतो तिकडे जायचं एवढं ज्ञान, म्हणून जमलं.

आता मोठं जहाज घ्या. १७५२, ब्रिस्टलचं मार्लबरो, सुमारे ४०० माणसं, काही गोल्ड कोस्टची, काही बॉनीची (आजच्या नायजेरियातलं बंदर). बॉनीहून निघून तीन दिवस झाले होते. खलाशी ३५, त्यांतले बहुतेक मारले गेले. पण मोजके जिवंत ठेवले, जहाज चालवायला. ते बॉनीला परतलंही. तिथे वाद पेटला: बॉनीवाल्यांचं घर आलं होतं, गोल्ड कोस्टवाल्यांना पुढे जायचं होतं, आणि या वादात आपसात रक्त सांडलं. हॉक नावाचं दुसरं गुलामवाहू जहाज ते परत घ्यायला आलं, त्याला मात्र गोल्ड कोस्टवाल्यांनी तोफा चालवून पिटाळलं. तिथल्या लोकांना युरोपी बंदुकांची चांगली सवय होती.

आणि अमिस्ताद. ती अटलांटिक ओलांडणारी नव्हती, क्यूबातल्या क्यूबात जाणारी होती, पण त्यातली ५३ माणसं नुकतीच सिएरा लिओनच्या मुलखातून बेकायदा आणलेली. जुलै १८३९. त्यांच्यातल्या सेंगबे पिएहने एका खिळ्याने कुलूप उघडलं, खाली ऊस तोडायच्या कोयत्यांची पेटी सापडली. रुइझ आणि मोंतेस या दोन मालकांना जिवंत ठेवलं, जहाज पूर्वेला न्या म्हणून. मोंतेस दिवसा सूर्य दिसतो तोवर हळूहळू पूर्वेला नेई आणि रात्री वायव्येला. असे जवळजवळ दोन महिने. शेवटी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला अमेरिकी आरमाराने पकडलं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च १८४१ ला त्यांना मुक्त केलं आणि १८४२ च्या जानेवारीत उरलेले ३५ जण सिएरा लिओनला पोचले.

सूर्यावरून दिशा कळते, पण रात्री ढग असतील तर सुकाणू धरणारा माणूस विश्वासाचाच लागतो. आणि तो तुमचा कैदी असतो.


चावडी:

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एक शंका आहे. जे उपाशी राहून मेले किंवा समुद्रात उडी टाकून गेले, त्यांना प्रतिकारात धरायचं का? मला वाटतं निराशा आणि प्रतिकार यांत फरक ठेवावा, नाहीतर शब्दाला अर्थ राहत नाही.


दर्यावर्दी:

चावडी, शंका रास्त आहे. पण याचं उत्तर कप्तानांच्या वागण्यात शोधावं असं मला वाटतं. ते उपासाकडे आजार म्हणून बघत नव्हते, हुकूम मोडला म्हणून बघत होते.

जेवण दोनदा, सकाळी ८ आणि दुपारी ४. दहादहा जणांत एक लाकडी बादली. घोड्यांना घालतात तो बाकला लगदा होईस्तोवर उकडलेला, कधी भात, कधी याम (आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद), वर पामतेल, पीठ, पाणी आणि मिरी यांचं कालवण. प्रत्येक जेवणामागे पाणी अर्धा पाइंट, म्हणजे जेमतेम पाव लिटरच्या वर. पहारेकरी घास मोजत. जो खात नाही त्याला आसूड. तरी खात नसेल तर पेटलेला निखारा ओठांजवळ. तरीही नाही तर स्पेक्युलम ओरिस: कंपाससारखी दोन टोकं, दातांत घालायची आणि स्क्रू फिरवला की ती उघडत जातात, जबडा फाकतो. धनुर्वातात दातखिळी बसलेल्या रुग्णासाठी केलेलं हे अवजार. गुलामव्यापाराविरुद्ध पुरावे गोळा करणाऱ्या थॉमस क्लार्कसनने ते लिव्हरपूलच्या दुकानातून विकत घेतलं, बेड्या आणि अंगठे पिळायच्या स्क्रूंसोबत. बंदरावर राजरोस मिळायचं, यावरून गिऱ्हाईक किती होतं ते समजावं.

ब्रूक्सवरच, १७८३ च्या खेपेत, थॉमस ट्रॉटर हा डॉक्टर होता. त्याने पुढे संसदेपुढे साक्ष दिली. एका माणसाला चेटकाचा आळ घालून कुटुंबासकट विकलं होतं. त्याने पहिल्या रात्री स्वतःचा गळा चिरायचा प्रयत्न केला. ट्रॉटरने टाके घातले. दुसऱ्या रात्री त्याने टाके उपटले आणि गळ्याची दुसरी बाजू फाडली. हत्यार शोधलं, कुठेच सापडलं नाही. मग त्याच्या बोटांची टोकं रक्ताळलेली आणि जखमेची कड वेडीवाकडी दिसली, तेव्हा कळलं की नखांनी. गोऱ्यांबरोबर मी कधीच जाणार नाही, असं तो सांगत होता. हात बांधले. मग त्याने अन्न सोडलं, आणि आठदहा दिवसांत गेला.

हा माणूस निराश नव्हता असं मी म्हणत नाही. पण त्याने बोललेलं खरं केलं, आणि एक विकलेला माणूस मालकाच्या हातून काढून घेतला. तो स्वतःच तो विकलेला माणूस होता.


चावडी:

मान्य. ट्रॉटरची साक्ष मला माहीत होती, पण नखांचा तपशील नजरेतून सुटला होता. माझा आक्षेप मागे घेतो.


नीलिमा:

याच प्रश्नाचं उत्तर इंग्लंडच्या कोर्टानेही दिलं होतं, विम्याच्या निमित्ताने, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो.

तेव्हाच्या विम्यात गुलामाचा 'नैसर्गिक मृत्यू' भरून मिळत नसे, बंडात मारला गेला तर मिळे. १७८५ चा खटला, ब्रिस्टलच्या वॉस्प जहाजाचा. पॉलिसीची अट अशी की बंडातलं नुकसान १० टक्क्यांच्या वर गेलं तरच भरपाई. बंड बायकांनी सुरू केलं होतं. त्यांनी मागच्या डेकवर कप्तानाला पकडून खाली फेकायचा प्रयत्न केला. बंड मोडल्यावर बरेच मेले: काही गोळीने, काही जखमांनी, काही समुद्रात उड्या टाकून, काही खारं पाणी पिऊन, काही अन्न सोडून. मालकाला सगळ्यांचे पैसे हवे होते. ज्यूरीने वाटणी केली: गोळीने किंवा जखमांनी मेलेल्यांची भरपाई द्या. ज्यांनी खारं पाणी प्यालं, ज्यांनी उडी टाकली, जे बंड फसल्याच्या दुःखाने मेले, त्यांची नको. 'दुःखाने मृत्यू' हा हिशेबातला एक रकाना होता.

झाँगचं प्रकरणही विम्याचंच. १७८१, ४४२ माणसं, जहाज लहान. वाट चुकून जमैका मागे टाकलं, पाणी कमी आहे म्हणून २९ नोव्हेंबरपासून काही दिवसांत सुमारे १३० जणांना जिवंत समुद्रात लोटलं. पहिल्या दिवशी ५४ बायका आणि मुलं, खोलीच्या खिडक्यांतून. शेवटच्या तुकडीतल्या दहाजणांनी खलाशांचा हात लागू दिला नाही, स्वतः उडी घेतली. मालकांनी माणशी ३० पौंड मागितले. मधे पाऊस पडला होता आणि जमैकाला पोचल्यावर जहाजात ४२० गॅलन पाणी शिल्लक होतं. खुनाचा खटला कोणावरही झाला नाही. ही बातमी गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पपर्यंत नेली ती ओलाउडा इक्वियानोने, जो स्वतः गुलामगिरीतून सुटलेला होता.


रानवारा:

जेवणाच्या वेळेबद्दल एक राहिलं. सगळे पुरुष एकत्र वर असतात आणि खलाशांचे हात वाढण्यात गुंतलेले असतात ती ही वेळ. म्हणून दुपारच्या जेवणाला पेटत्या वाती घेऊन तोफांपाशी माणसं उभी करत. १७२२ मध्ये फेरर्स गॅली जहाजाच्या कप्तान मेसर्व्हीला दुसऱ्या अनुभवी कप्तानाने बजावलं होतं की कैद्यांमध्ये हत्याराशिवाय जाऊ नकोस. त्याने जवळजवळ ३०० माणसं एकाच गावची घेतली होती, म्हणजे एक भाषा, आधीची ओळख, एकमेकांवर विश्वास. काही दिवसांनी तो पुढच्या डेकवर भात वाढणाऱ्यांवर नजर ठेवत उभा होता. कैद्यांनी त्याला धरलं आणि भाताच्या त्याच लाकडी बादल्यांनी डोकं फोडलं. तोफा झाडून बंड मोडलं, ८० च्या आसपास माणसं गेली. जमैकात पोचल्यावर मळेवाले बाकीच्यांना विकत घ्यायला तयार होईनात.

म्हणूनच अनुभवी कप्तान मुद्दाम वेगवेगळ्या भाषांची माणसं मिसळत. १६९४ च्या हॅनिबल जहाजावर गोल्ड कोस्टचे ३० ते ४० जण आसूड देऊन विदाच्या (आजच्या बेनिनमधलं बंदर) कैद्यांवर मुकादम नेमले होते. त्या खेपेत ७०० च्या आसपास चढवले, ३७२ उतरले.


अक्षांश:

भाषेच्या भिंतीलाही वाट निघाली. एका जहाजातून आलेल्यांचं नातं पुढे आयुष्यभर टिकलं, मुलांनी ते आईबापांकडून घेतलं. ब्राझीलमध्ये मालुंगो, सुरिनाममध्ये सिप्पी. असं नातं असलेल्यांत लग्न करत नसत, इतकं ते सख्ख्यासारखं. मॉरिशसला आणि सुरिनामला गेलेल्या आपल्याकडच्या गिरमिटियांमध्ये 'जहाजी' हा शब्द याच अर्थाने चालतो. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचे पूर्वजही तसेच करारावर गेले. करार आणि गुलामी एक नव्हे, पण समुद्रावरच्या त्या दोनतीन महिन्यांनी माणसं कशी बांधली जातात ते दोन्हीकडे सारखं दिसतं.


चावडी:

एक दुरुस्ती, कुणी वर लिहिलं नाही तरी वाचणाऱ्यांचा गैरसमज होतो म्हणून. ही माणसं बहुतेक अमेरिकेच्या कापसाच्या मळ्यांत गेली असं आपल्याकडे धरून चालतात. उत्तर अमेरिकेत थेट उतरवलेली माणसं ४ लाखांच्या आतच. एकट्या ब्राझीलमध्ये जवळजवळ ४८ लाख. पोर्तुगीज जहाजांना तिथे तुंबेइरू म्हणत, थडग्यावरून आलेला शब्द.

आणि पोर्तुगीज म्हटलं की हिंदी महासागर आलाच. मालदीवच्या कवड्या बंगालमार्गे युरोपला आणि तिथून पश्चिम आफ्रिकेला जात, माणसं विकत घ्यायचं चलन म्हणून. गुजरातचं आणि कोरोमंडलचं कापड त्याच व्यापारात. साओ जुझे जहाज मोझांबिकहून ब्राझीलकडे निघालं होतं, २७ डिसेंबर १७९४ ला केपटाउनजवळ फुटलं आणि २१२ कैदी बुडाले. वाचलेल्यांना केपमध्येच विकलं. २०१५ मध्ये त्याची ओळख पटली ती बऱ्याच अंशी लोखंडी पट्ट्यांवरून. माणसांचा माल वजनाला हलका आणि हलणारा, म्हणून तोल राखायला १,४०० लोखंडी पट्ट्या भरल्या होत्या, आणि त्याची नोंद कागदोपत्री होती.

मोझांबिकहून गोवा, दमण, दीवलाही माणसं आणली जात. महाराष्ट्रात नाशिकजवळ शरणपूरला मिशनऱ्यांचं आफ्रिकी मुलांसाठी केंद्र होतं, ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात गुलामवाहू गलबतांतून सोडवलेली मुलं तिथे शिकली. हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, इथे लांबवत नाही.


नीलिमा:

दर्यावर्दी, तुमच्या सुरुवातीच्या लेखाला धरून आणि माझ्याच प्रतिसादाला थोडी मुरड घालून एक लिहिते. बायकांना बेड्या घालत नसत हे बहुतेक खरं, पण सरसकट नाही. हेन्रिएटा मेरी हे लंडनचं जहाज १७०० साली जमैकात माणसं उतरवून परतताना फ्लोरिडाजवळ बुडालं, ते १९७२ मध्ये सापडलं. त्यातून बेड्यांच्या ८० हून अधिक जोड्या वर आल्या, आज फ्लोरिडात की वेस्टच्या संग्रहालयात आहेत. बहुतेक रानवारांनी लिहिलेल्या पद्धतीच्या, दांडी आणि दोन कडी. पण त्यात काही कडी इतकी लहान आहेत की मोठ्या माणसाच्या मनगटात शिरणार नाहीत, म्हणजे ती बायकांची किंवा मुलांची असावीत.


दर्यावर्दी:

बरोबर. रानवारांनी वर मुलांनी हत्यारं पोचवल्याचं लिहिलंय, त्याच्याशी हे जुळतं. न्यूटननेही १७५२ च्या खेपेत कट उघडकीला आल्यावर मुलांना बेड्या घातल्या आणि अंगठ्यांना स्क्रू लावून कबुलीजबाब घेतले. मूळ लेखात ही भर घालतो.